स्वतःच्या नावेतून सासुरवाडी

अमरावती, २ ऑक्टोबर १९६४

नाव घरी आली. ॲल्युमिनियमची, बारा फुटी. पुराच्या कामासाठी आमच्या ऑफिसने घेतलेली, आता कंडम ठरवून लिलावात काढली. बोली लावणारा मी एकटाच. बाकीच्यांना पारख नाही, त्याला मी काय करणार?

साळ्याचे तोंड आठवले की आजही डोके तापते. अक्षय तृतीयेला भर पंगतीत किसनराव म्हणाला, "भाऊजीच्यानं सायकलचं पंचर निंगत नाही." मी ताटावरून उठलो. सांगून आलो की आता या घरी येईन तर स्वतः दुरुस्त केलेल्या स्वतःच्या नावेतून. त्यांचे गाव कौंडण्यपूरच्या समोर, वर्धा नदीच्या पलीकडे. तेव्हापासून हीदेखील माहेरी गेलेली नाही. म्हणजे मी जाऊ दिलेली नाही. शब्द म्हणजे शब्द.

नाव पाहून हिने विचारले, "याच्यात वैरण ठेवाची हाय का?"

४ ऑक्टोबर, रविवार

नावेत पाणी भरून पाहिले. अकरा भोके. मुगाच्या दाण्याएवढी. खडूने खुणा केल्या. पाणी शेजारच्या गंगूबाईंच्या अंगणात गेले. त्या बोलल्या. मीही बोललो. त्या जास्त बोलल्या.

६ ऑक्टोबर

मुंबईहून एपॉक्सी मागवली होती, आली. दोन ट्यूबा. समान भाग कालवायचे, लावायचे, दगड होतो. सायन्स!

भांडी दुरुस्त करणारे गुलाम नबी रस्त्यात भेटले. न विचारता सल्ला. "साब, जगा घिस लेना, पेट्रोल से पोंछना, फिर उंगली भी नै लगाना. जरा चिकनाई रही तो पकडता नै." मी म्हटले, तुम्ही पातेली सांभाळा. ते हसले. हसण्यासारखे काय होते?

१३ ऑक्टोबर

आठवडाभर पॉलिश पेपरने घासतो आहे. बोटे सोलली. आज पेट्रोलने पुसून काढले. अकराही जागा आरशासारख्या. (गुलाम नबींचे ऐकले असे नव्हे. मी तसेही हेच करणार होतो.)

किसनरावाचे कार्ड. सासूबाईंची नजर दिवसेंदिवस जाते आहे, इंदूला पाठवा. पाठवा! हुकूम सोडतो! हिने कार्ड दोनदा वाचून कुंकवाच्या डबीखाली ठेवले. म्हणाली, "मी देवमन भोयाच्या डोंग्यानं जाऊन येतो ना." लोकांना उतरवणाऱ्या लाकडी होडीतून! मी स्पष्ट सांगितले, कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेला आपण आपल्या नावेतून जाऊ. त्याआधी नाही. ती आत जाऊन भाकरी थापू लागली. पटले असावे.

१५ ऑक्टोबर, दसरा

सकाळी नावेची यथासांग पूजा. झेंडूची माळ. तेलात शेंदूर कालवून अकराही भोकांना स्वतःच्या बोटाने टिळे लावले. देवाच्या कामात हात आखडता घेत नाही. संध्याकाळी, मुहूर्त टळू नये म्हणून, टिळे धोतराच्या सोग्याने पुसले आणि एपॉक्सी लावली. अकरा चकत्या. बघत राहावे असे काम.

१८ ऑक्टोबर

लोक किती नीच असतात! नावेच्या मागच्या अंगाला, अगदी तळाशी, एक पितळी बूच आहे. आज फिरवून पाहिले तर निघून हातात आले आणि खाली अंगठ्याएवढे भोक! बारावे! कोणीतरी भोक पाडून, वर आट्यांचे बूच बसवून बेमालूम लपवले होते. सरकारी मालाची ही तऱ्हा.

बूच उकिरड्यावर फेकले. भोक घासून, पेट्रोलने पुसून उरलेली सगळी एपॉक्सी ठासली. आता कोणाचा बाप आला तरी निघणार नाही.

२५ ऑक्टोबर

ही म्हणते, परत पाणी भरून पाहा. एवढा अविश्वास! शिवाय गंगूबाई. पाहिले नाही.

६ नोव्हेंबर, भाऊबीज

किसनराव आला नाही. (येऊ नको असे मीच कळवले होते.) हिने अंगणात उभे राहून चंद्राला ओवाळले. बराच वेळ उभी होती. चंद्र बरा, त्याला तोंड नाही. जेवताना हिने ताटातले गोड तसेच ठेवले. सणाच्या दिवशी तोंड पाडून बसायचे म्हणजे काय? फार चिडलो.

१८ नोव्हेंबर, कौंडण्यपूर

कापसाच्या रिकाम्या ट्रकवरून नाव आणली. ड्रायव्हरने सगळ्या रस्त्याने विचारले, हौद आहे का. मुक्काम धर्मशाळेत. हिच्या मांडीवर लाडवांचा डबा, आईसाठी. रात्रभर सोडला नाही.

१९ नोव्हेंबर, दुपार

 संतापून लिहितो आहे.

घाटावर यात्रेची गर्दी. देवमन भोई म्हणाला, "सायेब, एक डाव रिकामी सोडून पाहा." मी म्हटले, तू तुझे लाकूड वल्हव. ही बसली. मी वल्हे मारले. वीस हात गेलो आणि पायाला गार लागले. एकेक करून अकराही चकत्या सुटल्या. उचलून पाहिल्या तर प्रत्येकीच्या पाठीला शेंदूर! कंपन्या आजकाल काय वाट्टेल ते विकतात.

देवमनने डोंगा बाजूला आणला. ही डबा घेऊन उठली आणि त्यात जाऊन बसली. मला विचारलेसुद्धा नाही. मी नाव सोडली नाही. नावच खाली गेली. पाणी कमरेएवढे होते म्हणून वाचलो.

हिला पलीकडे सोडून देवमन परत आला. चार जणांनी नाव ओढत काठाशी आणली. काठोकाठ भरलेली, जागची हलेना. देवमनने तळ चाचपला. "पानी सोडाचं बूच कुठी हाय, सायेब? अशा नावेले रायतेच." मी धोतर पिळत राहिलो. त्याने विळ्याने खरवडून पाहिले. टवकासुद्धा निघाला नाही. बाराव्या भोकाचे काम एक नंबर झाले आहे.

१९ नोव्हेंबर, संध्याकाळ, सासुरवाडी

देवमनच्या डोंग्यातून आलो. दुसरा इलाज नव्हता. किसनराव काठावर उभा होता. त्याने सगळे पाहिले असणार. त्याच्यासाठी चार उत्तरे तयार ठेवली होती. त्याने नुसते कोरडे धोतर दिले.

सासूबाई पार्बताबाई खाटेवर होत्या. माझ्या आवाजाच्या बाजूला हात पुढे केला. बाही ओली लागली. विचारले, "जवाई, कायच्यात आले?"

मी तोंड उघडायच्या आत ही म्हणाली, "आपल्याच नावेत, आई. त्यायनं सोता दुरुस्त केली."

किसनराव खाली पाहत राहिला.

सासूबाई हिचा चेहरा चाचपत होत्या. कपाळ, नाक, हनुवटी. म्हणाल्या, "चांगलं केलं. पन पोळ्याले आनली असती तं तोंड दिसलं असतं वं तुहं. तवा दिसे मले."

हिने लाडवांचा डबा उघडला. आत पाणी गेले नव्हते.

फार राग आला आहे. कोणावर, ते अजून ठरत नाही.