डॉक्टरपुढं मीच बोलले

प्रिय शेवंते,

चार डॉक्टर झाले, चार! आणि चौघांनी मिळून तुझ्या मंदाला काय दिलं? एकानं लाल औषधाची बाटली, दुसऱ्यानं सुई. तिसरा म्हणला, "शाळेचा कंटाळा आलाय पोरीला." चौथ्यानं तर कमालच केली. म्हणतो कसा, "लग्न करून टाका हिचं, सगळं बराबर होऊन जाईल." मी म्हणलं, "डॉक्टरसाहेब, लग्न हे औषध असंल तर चिठ्ठीवर लिहून द्या की! दिवसातून किती वेळा घ्यायचं तेबी लिहा." कंपाउंडर हसला. डॉक्टर न्हाई हसला.

तू म्हणशील, आक्का, मेलेल्या माणसाला कुणी पत्र लिहितं का? मीबी लिहिलं नसतं. चौथीतून शाळा सुटली, त्याच्यानंतर कापसाच्या जिनिंगमधे हजेरीवर सही करण्यापुरतीच लेखणी धरली. पण परवा औरंगाबादला जाऊन आले आणि असं एक काम अडलंय की ते तुझ्याबिगर कुणाच्यानं व्हायचं न्हाई. म्हणून मंदाच्या वहीतलं पान फाडून लिहून राह्यले.

पोरीला सोळावं लागलं. तू गेल्यावर मी तिला इथं जालन्याला आणलं, तेव्हा धडधाकट होती. दिवाळीपासून दम लागतोय. नळावरून एक घागर आणली की उंबऱ्यातच बसती. आधी एका उशीवर झोपायची, मंग दोन घेतल्या. आता भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपती. असं भिंतीला टेकून झोपणारं मी आजवर एकच माणूस बघितलंय. तू!

दुष्काळात आपण दोघी एकाच कामावर खडी फोडायला होतो, आठवतं का? चार घाव घातले की तू हातोडी ठेवून बसायचीस. मुकादम तुझ्या सासरच्या गावावरून ओरडायचा, "ए धावड्याच्या राणी, पालखी बोलावू का?" सगळ्या बाया हसायच्या. मीबी हसायचे. वर मीच म्हणलं होतं, "खायला सुकडी वाटायच्या टायमाला मात्र बरी उठती गं!" कसली जीभ देवानं दिली मला!

मंग एक दिवस मीच तुला डॉक्टरकडं नेलं. आपली रीत तुला माहीत हाय. बाई पदर घेऊन बाकड्यावर बसणार आणि तिच्यावतीनं बोलणार ते संगं आलेलं मोठं माणूस. नवरा, सासू, न्हाईतर थोरली बहीण. डॉक्टरनं विचारलं, "काय होतं?" मी म्हणलं, "काही न्हाई, अशक्तपणा हाय. ताकदीची एक सुई टोचा."

तू दोनदा माझा पदर ओढलास. दोन्ही वेळा मी तुझा हात झटकला.

हजेरी बुडंल म्हणून मला जल्दी होती. आणि खरं सांगू का, छातीचं दुखणं निघालं तर तुझ्या सासरचे सवत आणतील, हे भ्यावबी होतं. डॉक्टरनं पोलक्यावरून नळी लावली ना लावली, सुई दिली, झालं! पुढच्या सालात तू गेलीस. आणि सवत तर तरीबी आलीच.

पण शेवंते, तुला तोंड न्हवतं का गं? पदर काय ओढतीस? ओरडायचं होतं! "आक्का, गप बस, मला बोलू दे" म्हणायचं होतं! लहानपणी गुळाच्या खड्यासाठी माझ्या झिंज्या उपटायचीस, आणि जिवाची गोष्ट आली तर मुकी झालीस?

असू दे. पुढं ऐक. पाचवी एक तरुण डॉक्टरीण भेटली. तिनं मंदाला डाव्या कुशीवर निजवलं, नळी लावली आणि डोळे मिटून किती तरी वेळ ऐकत राह्यली. मधेच म्हणली, "मावशी, बांगड्या वाजवू नका." मंग म्हणली, "हृदयाची तक्रार दिसते. औरंगाबादला मोठ्या डॉक्टरांना दाखवा, ते बेस्तरवारी असतात. आणि लग्नाचं नावसुद्धा काढू नका." पाच माणसांत एकीनं ऐकलं! तिथंच मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून रागबी आला.

परवा बेस्तरवारी गेलो. सकाळपासून रांगेत, नंबर लागला दुपार कलल्यावर. मोठा डॉक्टर मंदाला विचारून राह्यला आणि उत्तर मी देऊन राह्यले. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा त्यानं पेन खाली ठेवला. "बाई, दम तुम्हाला लागतो की हिला?"

"हिला."

"मग तुम्ही गप्प बसा."

आपल्या बापाच्या, आबांच्या माघारी मला असं कुणी बोललं न्हवतं. मी गप बसले. मंग तुझी लेक बोलली. म्हणली, "छातीत गिरणीचा पट्टा निसटल्यावाणी फटफट होतं. जिना चढताना डोळ्यापुढं अंधारी येती." डॉक्टरनं विचारलं, "घरी का सांगितलं नाहीस?" तर म्हणती, "मावशी म्हणली असती, नखरे."

शब्द माझाच होता गं.

डॉक्टर म्हणला, हृदयाच्या झडपेचा रोग वाटतो. पण जन्मापासूनचा हाय का लहानपणीच्या तापातून आलेला, हे कळायला पायजे, पुढचं औषध त्याच्यावर ठरंल. "लहानपणी ताप येऊन हिचे सांधे सुजले होते का? कितव्या वर्षी? छातीचा फोटो काढून पुढच्या बेस्तरवारी या, तेव्हा सांगा."

आता मी कुठून सांगू? काल धावड्याला जाऊन आले. तुझा नवरा म्हणला, "ताप तर सगळ्याच लेकरांना येतो, तिच्या आईला माहीत," आणि नव्या बायकोला चहा टाकायला सांगितला. तुझी सासू आता माणूस ओळखत न्हाई. मंदाला एवढंच आठवतं की तू तिला चुलीपाशी मांडीवर घ्यायचीस आणि रुईचं पान शेकून गुडघ्याला बांधायचीस.

का बांधायचीस? पडली होती का सूज होती? एकच गुडघा का दोन्ही? एक उतरला की दुसरा धरायचा का?

माझा शब्द घे. त्या टेबलापुढं तुझ्या लेकीऐवजी मी पुन्हा तोंड उघडणार न्हाई. जन्मभर औषध लागलं तर जन्मभर आणीन. लग्नाचं बोलत जो कुणी येईल त्याला उंबऱ्यातून परत लावीन. ती सांगंल ते पहिल्या वेळेला ऐकीन.

पण हे तिलाबी ठाऊक न्हाई, मलाबी न्हाई. तुला एकटीला ठाऊक हाय. मी कौल लावत न्हाई, अंगात येणाऱ्या बायांवर माझा बिलकुल भरोसा न्हाई, तेव्हा कसं कळवायचं ते तुझं तू बघ. पोरीच्या स्वप्नात जा, न्हाईतर धावड्याच्या कुण्या म्हातारीला आठवण दे. ताप होता का, आणि कितव्या वर्षी? बुधवारी दिवस मावळायच्या आत मला उत्तर पायजे.

तुझी आक्का,
गंगू
मस्तगड, जालना