आधी तिला बघ

तात्या, तुम्ही मला मारलंत तो दिवस सोमवार होता की मंगळवार, यावरून माझा आणि हिचा अजून वाद होतो. बाकी सगळं दोघांना सारखंच आठवतं. पेरूचा तोडा चालू होता, राहात्याला माल न्यायला टेम्पो रस्त्यावर उभा होता आणि माझा डबा झाला नव्हता. हिला सातवा लागलेला. मी स्वयंपाकघरात आलो तर ही चुलीपुढे कंबर धरून बसलेली, परातीत पीठ तसंच. "बसून काय राहिलीस?" म्हणालो. "दोन मिन्टं थांबा, कळ आलीय," ती म्हणाली. मी थांबलो नाही. हाताशी पाण्याचा भरलेला तांब्या होता, तो फेकून मारला. तिच्या भुवईवर बसला आणि ती पिठाच्या डब्यावर आडवी झाली. पीठ लाल होताना मला दिसत होतं, तरी माझ्या डोक्यात टेम्पोच होता.

तुम्ही दारात उभे होतात, हे मला तुमचा हात मानगुटीवर पडल्यावर कळलं. अंगणातून फरफटत गोठ्यापुढे नेलंत, बैलाचा कासरा दुहेरी केलात आणि मारायला लागलात. तोडणीच्या बाया पाट्या खाली ठेवून बघत होत्या. पहिल्या दोन फटक्यांना मी ओरडलो, नंतर श्वासच पुरेना. खाली पडलो तेव्हा तुम्ही लाथ घातलीत आणि माझा पुढचा दात गोठ्याच्या फरशीवर गेला. मी सव्वीस वर्षांचा बाप्या, शेणात तोंड घालून पडलोय, आणि तुम्ही धापा टाकत म्हणताय, "माझ्या हातनं एक गेलं हाय. तुझ्या हातनं जाऊ द्यायचं न्हाई."

ते एक कोणतं, हे मला माहीत होतं. मी सहा वर्षांचा असेन. आई पाचव्या महिन्याची होती. तुमची लाथ मी पाहिली नाही, आवाज ऐकला. सकाळी तुम्ही बांधावर खड्डा खणत होतात आणि मला हाकलून देत होतात. त्यानंतर आईने तुमच्याशी भांडण कधीच केलं नाही. मला तुम्ही कासऱ्याने मारत होतात तेव्हा ती उंबऱ्यात उभी होती. सोडवायला आली नाही. ती माझ्याकडे बघतच नव्हती, तुमच्याकडे बघत होती.

दुपारी मी बाजेवर पालथा पडून कण्हत होतो आणि ही तव्यावर मीठ गरम करून, फडक्यात बांधून माझी पाठ शेकत होती. सात महिन्यांचं पोट घेऊन चुलीपासून बाजेपर्यंत किती खेपा घातल्या असतील, देव जाणे. तिच्या भुवईत हळद भरलेली होती. कोणी भरली? बहुतेक तिनेच. तुम्ही माझी चामडी सोलण्यात गुंतलेले, मी माझ्या पाठीत गुंतलेलो. जिच्यासाठी एवढं रक्त निघालं, तिला पाणी विचारायला कोणी गेलं नव्हतं.

संध्याकाळी तुम्ही सांगितलंत, "उद्यापासनं पानी तू भरायचं. भाकरी तू थापायची. दवाखान्यात हिच्यासंगं तू जायचं, आई न्हाई जानार." माझी पहिली भाकरी परातीतच फाटली. तुम्ही दाराशी बसून बघत होतात, कासरा खांद्यावर. खरं सांगतो, पहिला महिना मी सगळं भीतीने केलं. हंडे आणताना, धुणं पिळताना हिला मनातल्या मनात शिव्या घालत होतो. दवाखान्याच्या बाकावर बायकांच्या रांगेत मी एकटा पुरुष. नर्सबाईंनी मला विचारलं, "लोहाच्या गोळ्या कशाबरोबर देता?" मी म्हणालो, चहाबरोबर. त्या सगळ्यांसमोर खेकसल्या, "चहाबरोबर नाही हो! जेवण झाल्यावर, लिंबूपाण्याबरोबर." तेव्हापासून लिंबू मीच पिळू लागलो. पाय सुजले की खाली पाट ठेवायचा, डाव्या कुशीवर झोपवायचं, दोन घास दर थोड्या वेळाने पुढे करायचे, हे मला हळूहळू कळत गेलं. एका दुपारी मी तिचे पाय चेपत होतो. तिने माझा हात ओढून पोटावर ठेवला आणि आतून लाथ बसली. मी हात मागे घेतला. ती हसली. "तुम्हाला बी कुनाची तरी लाथ खायलाच पाहिजे हुती," म्हणाली. त्या दिवशी तुम्ही घरात नव्हतात, तरी मी पाय चेपत राहिलो.

तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली. ती लाथ मारणारा पोरगा आता पिकअप चालवतो आणि त्याच्या बायकोला सहावा आहे. गेल्या आठवड्यात तिने त्याला तपासणीला चलता का म्हणून विचारलं. "आईला ने ना," तो म्हणाला. "आईंना न्हाई, तुमालाच यायला लागंल," ती म्हणाली. शब्दाला शब्द लागला. मी ओसरीवर होतो. भांडी पडल्याचा आवाज आला म्हणून आत गेलो, तर सून ओट्याच्या कोपऱ्यावर आपटून खाली बसलेली आणि हा वर हात उचलून उभा. माझ्या हाताला दाराचा अडसर लागला. तात्या, मी तो डोक्यावर नेला तेव्हा मी तुम्हीच होतो. पोराने मनगट धरलं. "बाबा, हात मोडीन!" त्याने मला भिंतीवर दाबलं, मी त्याच्या मांडीवर गुडघा हाणला, मिक्सरचं काचेचं भांडं फुटलं, दोघांच्या पायांना काचा लागल्या. आणि त्याच्या खांद्यावरून मला दिसलं: सून एका हाताने पोट धरून, दुसऱ्याने ओटा धरून उठायला बघतेय. उठता येत नाही. तिच्याजवळ कोणी नाही.

माझ्या हातातला अडसर गळून पडला. "सोड मला," म्हणालो. "आधी तिला बघ." त्याने वळून पाहिलं आणि त्याचा चेहराच उतरला. काचांवरून तसाच गेला, तिला धरून बसवलं. "कुठं लागलं? सांग ना, कुठं लागलं?" लहान पोरासारखा विचारत होता.

रिक्षा करून आम्ही चौघं दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी दोघांना आत घेतलं. बाळाचे ठोके चांगले आहेत म्हणाल्या. लागलं कसं, हे त्यांनी सुनेला एकटीला ठेवून विचारलं, पोराला बाहेर घालवून. तो माझ्याशेजारी येऊन बसला. पायाला रुमाल बांधलेला. दाराकडे बघत म्हणाला, "ती आत सांगत असंल. सांगू दे." मग म्हणाला, "बाबा, तुम्ही कधी आईवर हात टाकला हुता का?"

ही माझ्या पलीकडे बसली होती, सुनेची फाईल मांडीवर घेऊन. तिने मान वळवली नाही.

मी "न्हाई" म्हणालो, तात्या.