दोन बोटं जांभळं

आखाडा बाळापूर,
शनिवार सकाळ

प्रिय शिला,

आधी 'अनेक आशीर्वाद' असं लिहिलं होतं, ते खोडलं. तुला आशीर्वाद द्यायचा अधिकार माझ्याकडे उरला आहे की नाही, ते तूच ठरवायचं आहेस, म्हणून नुसतं 'प्रिय' ठेवलं. अक्षरावरून ओळखलंच असशील. मी भागवत सर, तुमच्या शाळेतला चित्रकलेचा मास्तर. कागद फाडून टाकावासा वाटेल, पण जरा दम धर. आधी वाच, मग खुशाल फाड. तेवीस वर्षांनी लिहितो आहे, म्हणजे वरातीमागून घोडं आहेच, पण घोडं निघालं तरी आहे.

मला निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. हल्ली मी चित्रं काढतो. चित्रकलेच्या मास्तराने चित्रं काढावीत यात काय नवल, असं म्हणशील. पण नवल आहे बरं का! बत्तीस वर्षं शिकवलं, आणि समोर बघून, बाहेर बसून, स्वतःसाठी एकही चित्र काढलं नव्हतं. कॅलेंडरावरचा डोंगर फळ्यावर, फळ्यावरचा डोंगर तुमच्या वह्यांत, एवढाच आमचा प्रवास. आता सुताराकडून हार्डबोर्डाचे उरलेले तुकडे आणतो, पोस्टकार्डाएवढे. त्यांना पांढरा हात देतो, ट्यूबमधले तैलरंग जवसाच्या तेलात कालवतो आणि रोज एक चित्र करतो. स्टँडवरच्या हॉटेलातली किटली केली. पानटपरीवर वाळत टाकलेला लाल फडका केला. आमच्या दारात पाण्याचा निळा ड्रम आहे, त्याच्यावर सकाळी उन्हाची एक पट्टी येते आणि सात-आठ मिनिटांत निघून जाते. तेवढ्यासाठी मी चहा गार करतो म्हणून तुझ्या मंजुळाकाकू रोज तोंड वाजवतात. ड्रमची बारा चित्रं झाली आहेत. काकू म्हणतात, तेराव्याला ड्रमच घरात आणून ठेवते, म्हणजे उठायची तकलीफ नको.

काकूंचं बोलणं तुझ्या कानात असेलच. शाळेत माझा डबा घेऊन आल्या की त्या तुला त्यातली धपाटी द्यायच्या आणि तू अर्धं खाऊन अर्धं आईसाठी कागदात बांधायचीस. ते त्यांना अजून आठवतं. मधल्या वर्षांत त्यांनी तुझं नाव दोन-तीनदा काढलं, मी दरवेळी विषय बदलला. मला वाटायचं, त्यांच्या लक्षात येत नाही.

गेल्या दिवाळीत शाळेची रंगरंगोटी निघाली. कार्यालयातलं जुनं कपाट हलवलं, तर त्याच्यामागे एक चित्र सापडलं. शिपाई ते घेऊन घरी आला. सर, तुमचंच दिसून राहिलं, म्हणाला. बघ, शिपायालाही एका नजरेत कळलं. मी ते घेतलं आणि तोंड भिंतीकडे करून पलंगामागे उभं केलं. काकूंनी विचारलं, कशाचं आहे? मी म्हटलं, भंगार.

मग जानेवारीत नांदेडला जाऊन माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटली आणि मी येड्यासारखा घरभर फिरायला लागलो. भिंत एवढी पांढरी होती होय! काकूंच्या ज्या लुगड्याला मी चार वर्षं राखाडी म्हणत होतो, ते चांगलं जांभळं निघालं. त्यावर त्या म्हणाल्या, तुमच्या नादानं मीसुद्धा म्हाताऱ्या रंगाचं समजून नेसत होते की. दोन दिवस आम्ही हसत होतो. तिसऱ्या दिवशी दुपारी त्या झोपल्यावर मी पलंगामागचं चित्र बाहेर ओढलं आणि खिडकीत धरलं.

ते चित्र म्हणजे तुझी हळद, शिला. नववीत असताना केलेली. वर्गात तैलरंगाला हात लावायची परवानगी फक्त तुला होती, आठवतं? माझी पेटी, माझे ब्रश, आणि मला न विचारता तू पिवळ्याची अख्खी ट्यूब संपवली होतीस. तुझी आई रोजानं जायची त्या सोनाजींच्या खळ्यात उकडलेली हळद वाळत घातलेली, सकाळचं तिरपं ऊन, आणि ती, रूपाबाई, वाकून हळद पसरते आहे. तिची लांब सावली हळदीवर पडलेली, आणि ती सावली तू जांभळी रंगवली होतीस.

मी तुला सगळ्या वर्गासमोर उभं केलं होतं. सावली जांभळी असते का, काहून गं, तुझी आई काय जांभळाच्या झाडावर चढली होती का, असं म्हणालो होतो. पोरं खिदळली. तू मान खाली घालून म्हणालीस, सर, मी पाह्यलं ना, तशीच होती. मी म्हटलं, पाहू नको, शिक. सावलीला मूळ रंगात काळा नाहीतर तपकिरी मिसळायचा. हे मला माझ्या मास्तरांनी सांगितलं होतं, त्यांना त्यांच्या. आमच्यापैकी कोणीही खळ्यात जाऊन बघितलं नव्हतं.

आणि मग मी शेण खाल्लं. जिल्ह्याच्या स्पर्धेला चित्र पाठवायचं होतं. आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तुझं चित्र पुढ्यात घेतलं आणि सावली तपकिरी करून टाकली. सावली सुधारली तर बाजूचं पिवळं उघडं पडलं, म्हणून तेही दाबलं. मग रूपाबाईचा हात नीट केला, मग तोंड. दिवस मावळेपर्यंत तुझं काहीच राहिलं नाही. खाली कोपऱ्यात सावलीच्या टोकावर तू 'शिला' असं लिहिलं होतंस, तेवढ्याला मी धक्का लावला नाही, कारण बक्षीस नावाला मिळतं. त्या नावाभोवतून ब्रश फिरवताना माझा हात जरासुद्धा थांबला नाही, हे मला पक्कं आठवतं.

पहिलं बक्षीस मिळालं. हिंगोलीच्या त्या सभागृहात पाहुणे ढाल घेऊन उभे होते. तू स्टेजवर आलीस, हात मागे बांधलेस आणि सरळ म्हणालीस, हे चित्र माझं न्हाई, सरांनी केलं. लोक हसले. मी पण हसलो, पोरगी घाबरली म्हणालो. तू पुन्हा तेच म्हणालीस, जरा मोठ्यानं. तेव्हा मी जे बोललो ते लिहायचं म्हणून आज सकाळपासून चार कागद फाडले. लिहितोच. मी माइकसमोर म्हणालो, तांड्यावरच्या लेकरांसाठी कितीही मरा, शेवटी खोटंच बोलणार. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. रंग मी चोरले, आणि खोटी तू, आणि तुझ्यापायी तुझा सगळा तांडा. रूपाबाई मागच्या रांगेत बसल्या होत्या. दिवसाचा रोज बुडवून आल्या होत्या, नवं लुगडं नेसून. त्या उठल्या, स्टेजपाशी आल्या, तुझा हात धरला आणि तुला घेऊन गेल्या. ढाल मी घेतली, फोटोसुद्धा काढून घेतला.

एवढ्यावर थांबलो असतो तरी बरं होतं. सोमवारी तू तासाला आलीस तर मी तुला दारातच अडवलं. शाळेची बदनामी केलीस, माफीचं पत्र लिहून आण, खाली पालकाची सही पाहिजे, मग वर्गात बस. तू पत्र आणलं नाहीस. नववीचे उरलेले दोन महिने आणि दहावीचं अख्खं वर्ष, चित्रकलेच्या प्रत्येक तासाला तू व्हरांड्यात बसून राहिलीस. मी आत डोंगर काढायचो आणि खिडकीतून मला तुझी वेणी दिसायची. मला राग यायचा, किती माजोरी पोरगी आहे म्हणून. सगळी लाज मी रागातच जिरवली बघ. मग तू गेलीस, नर्सिंग केलंस, हिंगोलीत नोकरीला लागलीस, हे कानावर येत गेलं. तू पुन्हा ब्रश हातात धरला नाहीस, हेही आलं.

तर त्या दुपारी चित्र खिडकीत धरलं, आणि सगळ्या तपकिरी चिखलात खाली कोपऱ्यात, तुझ्या नावाखाली, मला जांभळं दिसलं. दोन बोटांएवढं. दुसऱ्या दिवशी सकाळी काठी टेकत सोनाजींच्या खळ्यावर गेलो. हळद वाळत घातलेलीच होती. आठ वाजले असतील. एक बाई वाकली, तिची सावली हळदीवर पडली, आणि मी तिथे बांधावरच बसलो. जांभळी होती गं. तपकिरी नव्हती, काळी तर मुळीच नव्हती. नऊ सकाळी जाऊन बसलो, नऊ चित्रं केली. एकाही चित्रात तुझ्यासारखी सावली मला साधली नाही.

डोळ्यावर ढकलायचा मोह फार झाला. मोतीबिंदूत निळं-जांभळं दिसत नाही, डॉक्टरांनीच सांगितलं होतं. पण तेव्हा मी एक्केचाळीस वर्षांचा होतो, डोळे ठणठणीत होते. मला दिसलं नाही असं नाही. मी पाहिलंच नाही, आणि जिनं पाहिलं तिला खोटं ठरवलं.

मागच्या मंगळवारी बाजारात रूपाबाई भेटल्या. मी रस्ता बदलणार होतो, सवयीनं. पण थांबलो आणि विचारलं, हळदीवरची सावली जांभळी असते का हो? हातातला कांदा त्यांनी ढिगात ठेवला. म्हणाल्या, तुमाला आज दिसली व्हय, सर? आमी जलमभर तिच्यातच बसून भाकर खाल्ली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथेच कांद्याच्या ढिगाशी उभं राहून त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. माफ केलं असं म्हणाल्या नाहीत, आणि मी मागितलंही नाही. फक्त तुझ्या लेकीचं सांगितलं. शीतल चौथीत आहे, चांगलं चित्र काढते, पण आभाळ रंगवायचं असलं तरी रंग विचारायला तुझ्याकडे येते, आणि तू तिला म्हणतेस, सर सांगतील तोच रंग दे, उगं वाद नको. एवढं बोलून त्या कांदे निवडायला लागल्या. मी पिशवी तिथेच विसरून घरी आलो.

ज्या पोरीनं भरल्या सभागृहात दोनदा खरं सांगितलं, तिच्या तोंडी हे वाक्य मी घातलं. त्या दिवशी काकूंपुढे बसलो आणि सगळं ओकलो. तेवीस वर्षं त्यांना वाटत होतं की तूच खोटं बोललीस. त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी चहा आणून ठेवला आणि म्हणाल्या, तुम्ही त्या लेकराकडून जे मागितलं होतं, ते आता तुम्ही लिहा. म्हणून हे लिहितो आहे, शिला. हे माफीचं पत्र आहे. चित्र तुझं होतं, खोटं मी बोललो, आणि तुझ्या तांड्याला मी जे म्हणालो ते त्याहून मोठं खोटं होतं. पाकिटात हार्डबोर्डाचा एक तुकडा आहे. सुताराकडून चित्राचा तेवढा कोपरा कापून घेतला, कारण तेवढाच तुझा होता. उरलेलं चित्र माझं आहे, ते माझ्याकडे राहील, आणि त्यावर आता माझं नाव घातलं आहे. पत्र रूपाबाई आणून देतील. शीतलला हा तुकडा दाखव आणि सांग, आईनं पाहिलं तसं काढलं होतं आणि सर चुकले होते. तिला आभाळ हिरवं दिसलं तर हिरवं काढू दे. मंजूर केलंस तर कळव. नाही केलंस तर नियम माझाच आहे, मी व्हरांड्यात बसतो. पालकाच्या सहीचं अडलं होतं, आई-वडील जाऊन पुष्कळ वर्षं झाली. काकू म्हणाल्या, आणा इकडे, मी करते.

तुझाच,
भागवत

पालकाची सही: मंजुळा