दाढीवाल्याला न सांगायचं तळं

३ मार्च, सोमवार. दुपार.
आज अपमान झाला. लिहून ठेवतो, सूड घेताना तपशील चुकायला नकोत.
नकाशांच्या छापखान्यात माझ्या शेजारच्या टेबलावर दाढीवाला बसतो. गेल्या महिन्यात मी राष्ट्रीय उद्यानात काढलेला धबधब्याचा फोटो त्याने जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना फिरवून दाखवला. म्हणे, यात धबधबा ओळखा. फोटोत पर्यटकांची डोकीच जास्त आहेत, मान्य. पण डावीकडे नीट बघितलं तर पाणी दिसतं. प्यूनसुद्धा हसला. प्यून!
वर म्हणाला, "गर्दीत काय, कोणीही घुसतं. शांत जागा शोधायला नजर लागते."
बघतोच.

४ मार्च.
प्लॅन तयार. उद्यानाचं पूर्वेचं गेट. तिकडे कुत्रं फिरकत नाही. आत एक तळं आहे, नकाशात तांदळाएवढा निळा ठिपका. ते प्रूफ मीच तपासलंय. फोटो काढायचा, मोठा करून टेबलामागे लावायचा. दाढीवाला विचारेल, कुठलं हे? मी फक्त हसायचं.
आरशासमोर हसण्याची प्रॅक्टिस केली. बायकोने विचारलं, दाढ दुखतेय का.

६ मार्च.
संकल्प: कोणाला सांगायचं नाही. पहाटे निघायचं. जंगलात बोलायचं नाही.
बायको म्हणाली, मीही येते. वर्षभर तिने तिच्या आईचं आजारपण काढलं, महिन्यापूर्वी त्या गेल्या. म्हणाली, कोणी हाक मारणार नाही अशा ठिकाणी मला नुसतं बसायचंय. म्हटलं, चल. डबे धरायला कोणीतरी हवंच.
पहिला संकल्प थोडा मोडला. दाढीवाल्याला एवढंच सांगितलं की एक जागा आहे आणि ती मी सांगणार नाही. न सांगता त्याला कळणार कसं, की मी सांगत नाहीये?

९ मार्च, रविवार. सकाळी साडेनऊ.
(पहाटेचं जमलं नाही. गजराचा आवाज फार मऊ आहे.)
पूर्वेच्या गेटवर खरोखर कोणी नाही. वनरक्षक बाई एकट्या खुर्चीवर. म्हणाल्या, पायवाटेने सरळ जा, गप्प बसलात तर काहीतरी दिसेल. मी त्यांना सांगितलं, मी नकाशातला माणूस आहे. छाप पडली असावी, कारण पुढे त्या काही बोलल्या नाहीत.
सरळ कोणीही जातं. शॉर्टकट घेतला. बायको पायवाटेनेच गेली.

पावणेबारा.
शॉर्टकट लांबचा निघाला. शर्ट काट्यांत राहिला, म्हणजे बाही.
तळं मात्र अप्रतिम! बायको आधीच पोचलेली, खडकावर बसलेली. मला बघून तिने ओठांवर बोट ठेवलं. समोर पाणमांजराची मादी, पाठीमागे दोन पिल्लं. एक पिल्लू पंजांत मासा धरून खात होतं. इतक्या दिवसांनी बायको हसताना दिसली.
मी म्हणालो, "आता बघ म्हणावं दाढीवाल्याला!" हळूच म्हणालो, असं मला वाटलं.
फोटोत पाणी आलं. आणि वर्तुळं. वर्तुळं शार्प आहेत.

संध्याकाळ.
दोन तास वाट पाहिली. मादी भित्री. तेवढ्या वेळात बायकोला सगळं प्रकरण माझ्या बाजूने समजावून सांगितलं. शेवटी वनरक्षक बाई गेटवरून चालत आल्या. म्हणाल्या, "साहेब, गेटपर्यंत ऐकू येतंय. कोण हो हा दाढीवाला?"
परतीच्या बसमध्ये बायको खिडकीकडे तोंड करून बसली. दमली असावी.

१० मार्च.
फोटो लावला. हसलो. दाढीवाला जवळ येऊन बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "टाकीत कोण पडलं?"
मी भडकलो. टाकी नाही, तळं आहे, पूर्वेच्या गेटमधून सरळ पायवाटेने, पाणमांजरं आहेत, पिल्लांसकट! त्याने सगळं लिहून घेतलं. लिहून घेणारा माणूस म्हणजे हरलेला माणूस.

१५ मार्च, शनिवार.
बायको उद्या पुन्हा तळ्यावर जातेय. दाढीवाल्याच्या बायकोबरोबर! दोघी चार वर्षं एकाच वाचनालयात जातात. ही माहिती मला आज मिळते. घरातच फितुरी.
मी बूट पुसायला घेतले, तर म्हणाली, "अहो, तुम्ही नका येऊ. तुम्ही आलात की तोही येतो."
मी म्हटलं, दाढीवाला त्या दिवशी आलाच कुठे होता? तिने माझ्या हातातले बूट घेऊन कपाटात ठेवले.

१६ मार्च, रविवार. दुपारी चार.
बेल वाजली. दारात दाढीवाला. त्यालाही नेलं नव्हतं. त्याची बायको त्याला म्हणे म्हणाली, "तिथे बसून तुम्ही त्यांचीच थट्टा करणार. मला बसायचंय." त्यांची म्हणजे माझी.
जखमेवर मीठ चोळायची हीच वेळ होती. पण तो इतका पडेल दिसत होता की मी म्हटलं, चहा करतो.
साखर सापडेना. अकरा वर्षं या घरात राहतोय. वरचे डबे उघडले, खालचे उघडले. दाढीवाला स्टुलावर चढला. त्याला साबुदाणा मिळाला.
बिनसाखरेचा चहा प्यायलो.

सव्वासहा.
दोघी आल्या. चेहरे उजळलेले. आम्ही एकदमच विचारलं, काय काय दिसलं?
बायको म्हणाली, "काही नाही. बसलो होतो."
दोघी स्वयंपाकघरात गेल्या. आतून हसण्याचा आवाज आला. मग आमचे कप बघून बायकोने विचारलं, साखर का नाही घेतली? समोरच तर आहे.