दाराला बांधलेली मच्छरदाणी

रिसोड, ऐन झडीत

आदरणीय मयंकभाऊजींना मेहुण्याचा सविनय जय जिनेंद्र.

तुमची, टीनाताईची आणि कारंज्यातल्या तुमच्या रंगाच्या दुकानाची प्रकृती उत्तम असेलच. (दुकानाची असणारच, राहिलेला माल तुम्ही सासुरवाडीला पाठवता.) फोनवर तुम्ही आधी हसता आणि मग ऐकता, म्हणून कागद घेतला.

यंदा मुनिमहाराजांचा चातुर्मास आमच्या गावात आहे. दिवसातून एकदाच होणारा त्यांचा आहार एकदा तरी आपल्या घरी व्हावा, एवढीच आस आईनं, म्हणजे तुमच्या सासूबाईंनी, धरली आहे. रोज सकाळी ती कलश घेऊन दारात उभी राहते आणि महाराज रोज पुढं जातात. मनात कोणता नियम धरून ते निघतात, काय दिसलं म्हणजे थांबतात, हे कुणालाच ठाऊक नसतं. मला वाटलं, आपलं दारच कळकट आहे, त्याला नवा स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा रंग, द्यावा. तुम्हाला विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "जुन्या स्टेनवरच मार नवा, घासत कायले बसतं!" मी मारला. बाहेरचं दार, जुना थर लाकडात पक्का बसलेला आणि वरून ही झडी. नवा स्टेन आत मुरेना की वाळेना, काकवीसारखा वरच राहिला.

संध्याकाळी ओसरीत दिवा लागला आणि पाखरं दाराला चिकटू लागली. भाऊजी, जैनाच्या दाराला, चातुर्मासात! "पारस, जीव मरून राह्यले नं रे! असं दार पाहून महाराज थांबतीन काय?" म्हणत आई रडायलाच लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दिवा मालवला. मऊ फडक्यानं पाखरं सोडवायला गेलो, तर फडकंच चिकटलं. शेवटी त्रिशलेनं (माझ्या बायकोचं डोकं संकटातच चालतं, एरवी ती माझं चालवते) दारापुढं मच्छरदाणी बांधली. शेजारचे विचारून गेले, "दाराले डेंग्यू झाला काय?"

सकाळी मच्छरदाणी काढतो न काढतो तोच महाराज गल्लीत वळले. आम्ही दारात अंग चोरून उभे. आईनं "नमोस्तु" म्हटलं. महाराज आले आणि चक्क थांबले! आता आईनं पुढं होऊन त्यांना प्रदक्षिणा घालायची. तिनं पाऊल उचललं आणि मागं ओढली गेली. पदर दाराला चिकटला होता. महाराज मौनात उभे. असेच निघून गेले, तर आई मला जन्मभर काही बोलली नसती, आणि तेच मला सोसलं नसतं. सोडवायला धावलो, तर माझं उपरणं दुसऱ्या फळीला. आईनं कुणाकडे न बघता हिसडा दिला. टर्रकन आवाज झाला आणि अर्धा पदर दारावर सोडून ती महाराजांभोवती फिरली. आहार निर्विघ्न झाला. मी कोपऱ्यात उभा राहून रडलो, हे ताईला सांगू नका.

आपला आज्ञाधारक (तिथंच चुकलं)
पारस

ता. क. उघडीप पडताच पॉलिश पेपर घेऊन स्वतः या. तो थर तुम्हीच घासून काढायचा आहे. तोवर मच्छरदाणी पुन्हा बांधली आहे. पदराचा तुकडा जपून सोडवा, आईला तो हवा आहे.

आणखी ता. क. गेलेल्या जिवांचं प्रायश्चित्त म्हणून आईनं दिवाळीपर्यंत माझं गोड बंद केलं. सल्ला तुमचा होता, म्हणून निम्मं पाप तुमच्याकडे लागलं आणि तुमचा चहा बंद झाला. ताईला आईचा फोन गेला आहे. चहा का मिळत नाही हे ती तुम्हाला सांगणार नाही, म्हणून हे पत्र.