निकालाआधीची चिठ्ठी

बाबा, उद्या संध्याकाळी निकाल आहे आणि मला एक गोष्ट विचारायला तुम्ही हवे होतात. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली, तेव्हा आधी सगळं नीट सांगावं लागेल. तुमच्या नातीने गाण्यांचा अल्बम केलाय. कुठल्या कंपनीने नाही, तिने आणि तिच्या दोन मित्रांनी, मुलुंडच्या आपल्याच घरात, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना रजया टांगून. असं आपलं आपण केलेल्या संगीताला हल्ली इंडी म्हणतात आणि त्याला एक राष्ट्रीय पुरस्कार असतो. देशभरातून निवडलेल्या शेवटच्या पाचांत तिचं नाव आलंय. तिसऱ्या गाण्यात तुमची झांज आहे. तिने ती माळ्यावरून काढली, चिंचेने घासली आणि मला न विचारता वाजवली. तुम्ही असतात तर आधी ओरडला असतात, झांज अशी धरतात काय म्हणून, आणि मग मोबाइल घेऊन सगळ्या सोसायटीला ऐकवत फिरला असतात.

मी अजून अंधेरीच्या त्याच स्टुडिओत आहे. गाणारा काचेपलीकडे उभा राहतो आणि मी अलीकडे बसून त्याचा आवाज रेकॉर्ड करते. आमच्याकडे दर वर्षी या पुरस्काराची शेवटची यादी आली की प्रत्येकाने कोण जिंकणार ते चिठ्ठीवर लिहायचं, खाली सही करायची आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचं. निकाल लागला की डबा सगळ्यांसमोर उघडतो. ही पद्धत मीच सुरू केली, कुठून उचलली ते तिथे कुणाला ठाऊक नाही. माझी चिठ्ठी सहसा बरोबर निघते. आमचे मालक चिडवतात, "मॅडम, ज्यूरीला आधी फोन करता काय हो?" कान तुमचे आहेत हे त्यांना कुठे सांगत बसू?

मुलुंड-भांडुपच्या भजन स्पर्धांना तुम्ही मला न्यायचात ते आठवतं. तुम्ही स्वतः भजनात पखवाज, कधी झांज वाजवणारे, पण स्पर्धेला बसायचात शेवटच्या रांगेत, डोळे मिटून. शेवटचं मंडळ उठलं की खिशातून बसचं तिकीट काढायचात, त्याच्या मागे जिंकणाऱ्या मंडळाचं नाव लिहायचात आणि घडी करून पुन्हा खिशात. परीक्षकांनी निकाल सांगितला की लोक तुमच्याभोवती जमायचे, "बुवा, चिठ्ठी काढा!" आणि तुम्ही ती अशा ऐटीत उलगडायचात की बक्षीस तुम्हालाच मिळालंय. परतताना मला शिकवायचात, "गाणाऱ्या बुवाकडे बघू नको गो. मागे बसलेत त्यांचो श्वास ऐक. बुवाच्या आदी ते श्वास घेतत, तर मंडळ एक आसा." आणि तुमचा नियम, "आवाडला ता लिवचा नाय, ऐकाक इला ता लिवचा."

मग तो रविवार. मी चौदा वर्षांची, आणि संध्याकाळी मंडळाच्या हॉलमध्ये मुलींची भक्तिगीतांची स्पर्धा. सकाळी तुम्ही मोरीत उकिडवे बसून बांगडे साफ करताय, आई नारळ खवतेय, आणि मी दारात उभी राहून विचारते, "बाबा, मी जिंकेन?" तुमची सुरी थांबत नाही. "खरा सांगू की गोड?" मी म्हणते, "खरं." तुम्ही म्हणता, "मगे नाय. ता ष्टेशनापलीकडचा चेडू जिंकतला." आई म्हणाली, "अवो, आज तरी..." पण तुम्ही कुठले ऐकताय! "तुझो आवाज चांगलो आसा. पण तू गाताना माझ्या तोंडाकडे बघतंस. गाणाऱ्यान दुसऱ्याच्या तोंडाकडे बघूचा नाय." त्या दिवशी मी बांगडा खाल्ला नाही.

संध्याकाळी गाताना मी सवयीने तुमच्याकडे बघितलं. तुमचे डोळे उघडे होते. गाणं ऐकताना तुमचे डोळे उघडे मी पहिल्यांदाच बघितले, आणि दुसऱ्या कडव्याला माझा आवाज गेला. जिंकली ती स्टेशनापलीकडचीच. मला उत्तेजनार्थही काही नाही. लोक तुमच्याभोवती आले, "बुवा, चिठ्ठी!" तुम्ही म्हणालात, "आज लिवकच नाय." साफ खोटं! निकालाआधी तुम्ही तिकिटावर लिहिताना मी स्टेजच्या कडेवरून बघितलं होतं. आणि आता लोक पांगले तेव्हा तुम्ही खिशातलं पान काढलंत, तिकिटाची ती घडी पानात सरकवलीत आणि अख्खं पान तोंडात टाकलंत. चावून गिळलंत, थुंकलाही नाहीत. हे फक्त मी बघितलं.

मी धरून चालले की तुम्ही त्या दुसऱ्या मुलीचं नाव लिहिलं होतंत. ते बरोबर आलं, आणि माझी दया आली म्हणून तुम्ही ते लपवलंत. ती दया माझ्या फार जिव्हारी लागली. मी तुमच्याशी आठवडाभर बोलले नाही आणि गाणं सोडलं ते सोडलंच. काचेच्या अलीकडची नोकरी धरली, तीही त्याच रागात. पुढे आपण सगळं बोललो, माझं लग्न, तुमचा मधुमेह, आईच्या गुडघ्यांची ऑपरेशनं. त्या चिठ्ठीचा विषय तुम्ही काढला नाहीत आणि मीही काढला नाही.

परवा मी पोळ्या लाटत होते. लेक ओट्यावर चढून बसली, पाय हलवत, शेंगदाणे खात. म्हणाली, "आई, तुझे कान फेमस आहेत ना? मग सांग ना, कोण जिंकणार? खरं सांग हं, गोड नको." तुमचे शब्द तिला कुणी दिले? तुम्ही गेलात तेव्हा ती आठ वर्षांची होती, तुमच्याच मांडीवर बसून ऐकले असणार. मी पोळी उलटली आणि सांगितलं, "नाही गं. यादीतले ते डोंगराकडचे दोघं भाऊ जिंकतील." "का पण?" "एक गातो तेव्हा दुसरा त्याच्या आधी श्वास घेतो. आणि तू अजून माझ्याकडे बघत गातेस." ती म्हणाली, "ओके, कूल," आणि उडी मारून आत गेली. शेंगदाण्यांची वाटी ओट्यावर तशीच राहिली. तेव्हापासून घरात "दूध आलंय" आणि "चावी कुठेय" एवढंच बोलणं. घराणं आपलंच ना, बाबा.

काल स्टुडिओत चिठ्ठी लिहायची होती. मी हेडफोन लावून पाचही अल्बम पुन्हा ऐकले, अगदी तुमच्यासारखे डोळे मिटून. शंकाच नव्हती, ते दोघं भाऊच. पेन उचललं आणि हाताने लेकीचं नाव लिहिलं. तुमचा नियम मी पहिल्यांदा मोडला, ऐकू आलं ते सोडून आवडलं ते लिहिलं, घडी केली आणि डब्यात टाकली. घरी येताना पवईच्या सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा तुमचं ते तिकीट आठवलं आणि मी रिक्षात बसल्या बसल्या रडले. रिक्षावाला आरशात बघून म्हणाला, "ताई, सगळं ठीक ना?" मी म्हटलं, ठीक.

इतक्या वर्षांत माझ्या डोक्यात कधी आलंच नाही की तुम्हीही माझ्यासारखंच केलं असेल. सकाळी मोरीत मला खरं सांगितलंत, आणि संध्याकाळी त्या एवढ्याशा तिकिटावर माझं नाव. काय लिहिलं होतंत, बाबा? मला बाकी काही नको, मोरीपाशी तुमच्या शेजारी बसून एवढंच विचारायचं आहे. तुम्ही हात न थांबवता "खरा सांगू की गोड" म्हणाल, आणि या वेळी कुठलंही चालेल. तुमची इतकी आठवण येते की कालपासून मी मासळीबाजारात बांगड्यांकडेही बघू शकत नाही.

उद्या लेक सगळ्यांबरोबर निकाल बघायला स्टुडिओत येणार आहे. आली नाही तर बरं, असंही एकदा मनात आलं. डबा तिच्यासमोर उघडेल. हे पत्र मी झांजेच्या पिशवीत ठेवतेय, दुसरीकडे कुठे पाठवणार? आज सकाळी नाक्यावरून एक पान बांधून आणलं होतं. मी पान खात नाही, तरी आणलं. उद्या लवकर जाऊन डब्यातली माझी चिठ्ठी काढायची आणि तुमच्यासारखं करायचं, असं ठरवलं होतं. आत्ता लिहिता लिहिता ते पान मी तसंच, चिठ्ठीशिवाय, खाऊन टाकलं. चुना फार होता.