नाशपातीचा पाठभेद

११ नोव्हेंबर

दोघांनीही नाशपाती लिहिलंय!

पोथीत स्वच्छ 'पाव' आहे. इथल्याच मठातल्या नन्सची साडेपाचशे वर्षांपूर्वीची पोथी, शेवटच्या पानावर पोरांचं गाणं — कोंबडी गेली गिरणीत, पिलाला आणला पाव. इटलीतल्या या मान्तोवा गावातलं शेंबडं पोरही असंच म्हणतं. आणि माझे दोन विद्वान विद्यार्थी, इतिहासाचा उल्देरिको आणि संगीताची ओर्तेन्सिया, वेगवेगळ्या दिवशी बसून उतरवतात काय — पिलाला आणली नाशपाती!

वेगवेगळ्या दिवशी म्हणे. नियम असा की दोघांनी एकमेकांना न दाखवता प्रत करायची, मग मी ताडून पाहायची. बरोबर ते जुळलं तर काहीच सिद्ध होत नाही. चूक जुळली की होतं. समान चूक, समान जनक — पुण्यात शास्त्रीबुवांनी संस्कृत पोथ्यांवर शिकवलेलं सूत्र, वीस वर्षं इथल्या फळ्यावर लिहिते आहे. एकाने दुसऱ्याचं चोरलंय. कोणी, एवढाच प्रश्न.

माझा संशय उल्देरिकोवर. फार नम्र आहे.

१२ नोव्हेंबर

आमच्या मध्ययुग आणि पुनरुत्थान केंद्राला सगळे 'आंतरविद्याशाखीय' म्हणतात. म्हणजे इतिहासवाल्याने संगीतवालीवर संशय घ्यायचा, संगीतवालीने चित्रकलावाल्यावर, आणि पाठचिकित्सेच्या बाईने, म्हणजे मी, सगळ्यांवर.

संचालक गोबी चित्रकलेचे. त्यांना सांगितलं, तर डोळे चमकले. "बावीसला बैठक. शिष्यवृत्तीच्या यादीतून एकाचं नाव कमी करू. कोणाचं ते तुम्ही सांगा, बाई. चोरी पकडण्यात तुमचा हात कोण धरणार?"

स्तुती केली! माणूस स्तुती करतो तेव्हा काहीतरी हवं असतं. त्यांचा एक विद्यार्थी शिष्यवृत्तीसाठी ताटकळतोय, हे मला माहीत नाही असं त्यांना वाटतं.

१३ नोव्हेंबर

उल्देरिको मला पाहून जिन्यातून माघारी फिरला. नोंद केली.

१४ नोव्हेंबर

दोघांना समोरासमोर बसवलं. पोथीचं पान पुढे ठेवलं. दोघंही पांढरी पडली — तीही एकदम! सराव केल्यासारखी.

"मी याचं उतरवणार?" ओर्तेन्सिया. "याला 'त' आणि 'च' वेगळे ओळखता येत नाहीत, बाई! मागच्या महिन्यात याने एका बिशपचं घोडं केलं होतं!"

"आणि ही गाणं म्हणत म्हणत लिहिते. सगळ्या वाचनालयाला ऐकू जातं."

"मग ऐकून लिहिलंस ना, गाढवा!"

"तेव्हा मी घरी तापाने पडलो होतो, शहाणे!"

वाचनालयाच्या नेरीनाबाई दारातून म्हणाल्या, "अहो बाई, ही दोघं कसली चोरतायत? एकमेकांना पेन देत नाहीत. भावंडांसारखी भांडतात नुसती."

नेरीनाबाई इतक्या ठाम का? त्यांच्या टेबलावर बदामाच्या वडीचा तुकडा होता. उल्देरिकोच्या आईच्या हातचा. वा!

१८ नोव्हेंबर

ओर्तेन्सियाला एकटीला बोलावलं. म्हटलं, गाणं म्हण बघू. पोरीने गळा मोकळा सोडला — कोंबडी गेली गिरणीत, पिलाला आणली नाशपाती! मग स्वतःच तोंडावर हात ठेवला.

"बाबा असंच म्हणायचे, बाई. पाव विकत घ्यावा लागतो, नाशपाती कुंपणावरून तोडता येते, म्हणून. मी पोथी वाचलीच नाही बहुतेक. बाबांना ऐकलं." तिचे बाबा चर्चमधले ऑर्गन दुरुस्त करत गावोगाव फिरायचे, शुक्रवारी घरी यायचे. तीन वर्षांपूर्वी मार्चमध्ये वारले.

म्हणजे साक्षीदार असा, की ज्याला बोलावता येत नाही. सोयीचं आहे.

१९ नोव्हेंबर

तरी तिचं खरं असू शकतं. लेखनिक डोळ्यांनी वाचतो आणि कानात बसलेलं लिहितो. आपल्याकडचे पोथ्या उतरवणारे शेवटी लिहून ठेवतातच — जसं दिसलं तसं लिहिलं, मला दोष देऊ नका. म्हणजे दिसलं नव्हतं याची खात्री!

पण मग उल्देरिको? काकतालीय न्याय — कावळा बसला आणि फांदी मोडली. ठीक. दोन कावळे कुठून आणू?

चोर तोच.

२१ नोव्हेंबर

उल्देरिको आला. धुक्याने कोट ओला. बसायलाही तयार नाही.

"नाशपाती कुठून आली रे?"

"आमच्याकडे तसंच म्हणतात."

"आमच्याकडे म्हणजे? मी या गावात वीस वर्षं आहे. कोणी म्हणत नाही."

"घरी. म्हणजे... बाबा म्हणायचे." मग खाली बघत, "ते म्हणायचे, पाव काय, विकत घ्यावा लागतो..."

"नाशपाती कुंपणावरून तोडता येते," मी म्हटलं.

त्याने मान वर केली. "तुम्हांला कसं माहीत?"

 मी विचारलं, ऑर्गन दुरुस्त करायचे का रे ते?

"हो. मंगळवारी यायचे, गुरुवारी जायचे. एका मंगळवारी आलेच नाहीत. तीन वर्षं झाली मार्चमध्ये. आई म्हणते, टाकून गेला, नाव काढू नकोस. मी आडनावही आईचंच लावतो." मग, "बाई, उद्या माझं नाव कमी करणार का?"

दोघांचा चेहरा वर्षभर माझ्यासमोर आहे. दोन पोथ्यांचं नातं मी अर्ध्या तासात सांगते.

२२ नोव्हेंबर

बैठकीत एवढंच वाचलं : "नक्कल नाही. दोन्ही प्रती स्वतंत्र. मूळ एकच."

गोबी म्हणाले, "मग ते मूळ कुठाय?"

म्हटलं, उपलब्ध नाही.

दोघांची नावं राहिली. चार वाजता दोघांना बोलावलंय. ओर्तेन्सियाला काय सांगायचं ते अजून सुचलेलं नाही. त्याला सांगायचं तेवढं घोकते आहे — टाकून गेले नाहीत रे. गेले.